नाक दाबू नका

४ एप्रिल
एमिल क्रेचेक आज पुन्हा विमान घेऊन बेडकासारखा उतरला. एकेक उडी आधीच्यापेक्षा उंच! शेवटी पुढचं चाक असं आपटलं की दुरुस्ती करणारा टेड हातातला पाना घेऊनच हँगरबाहेर धावला. आणि हे महाशय खाली उतरून म्हणतात काय — "वारा होता."
वारा! वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी खांबावर मेल्यासारखी लोंबत होती.

५ एप्रिल
इथली उड्डाण-प्रशिक्षक मी, म्हणून याची दर दोन वर्षांनी होणारी उड्डाण-तपासणी माझ्याच गळ्यात. नेब्रास्काभर मक्यावर विमानातून फवारणी करण्यात जन्म गेला, म्हणून आता कुणाचं ऐकायचं नाही. विमानतळाच्या कॅफेत खसखस भरलेला कोलाची पाव तोंडात कोंबत, सगळ्यांदेखत — "पोरी, तू रांगत होतीस तेव्हा मी उडत होतो!"
उडत असेल. उतरत नसेल बहुतेक.

८ एप्रिल
तपासणीसाठी विमानात त्याच्या शेजारी बसले. जमीन अजून बरीच खाली आहे तोच यानं, टेकलोच असं समजून, विमान सोडून दिलं — धप्प! उसळलो. आणि लगेच नाक खाली दाबलं. दाबलं की पुढचं चाक आधी आपटतं, विमान आणखी उसळतं, मग प्रोपेलरचे तुकडे वेचत बसा. मी कंट्रोल हिसकावले, इंजिनाला पूर्ण पॉवर दिली, वर नेलं.
मग कॅफेत मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "थोडं उसळलं तर नाक आहे तसं धरा, किंचित पॉवर द्या, अलगद बसू द्या. जास्त उसळलं तर पूर्ण पॉवर, आणि वर! पण नाक दाबू नका, एमिल. नाक दाबलं की तोंड उघडतं ते माणसाचं. विमानाचं मोडतं."
टेड फिसकन हसला. एमिलची बायको अर्लीन मात्र खाली मान घालून ऐकत होती. बिचारी.
तपासणीच्या कागदावर सही दिली नाही. म्हणजे आता उडायला बंदी.

१२ एप्रिल
सही नसताना उडाला! वर अर्लीनला घेऊन! निर्लज्ज.
उतरताना उसळला — चांगलाच. नाक खाली वळलं. म्हटलं, संपलं. तेवढ्यात इंजिन गरजलं आणि विमान वर निघून गेलं. दुसऱ्या फेरीत उतरला, तोही धप्पकन, पण एकदाच.
म्हणजे ओरडल्याशिवाय अक्कल शिरत नाही.

१३ एप्रिल
अर्लीन आली. एकटीच. टेबलावर विमानाची किल्ली ठेवली.
"काल पॉवर मी दिली. तू कॅफेत म्हणाली होतीस ना, तशी."
ती खुर्ची ओढून बसली.
"डावा डोळा गेलाय त्याचा. हिवाळ्यातच. जमीन किती खाली आहे, कळतच नाही त्याला. मलाही काल रात्री सांगितलं. किल्ली त्यानंच दिली — म्हणाला, तू शीक, मी शेजारी बसेन. शिकवशील?"
"तो कुठाय?"
"गाडीत. आत यायला लाजतो."
एमिल — लाजतो!
बाहेर गेले. त्याच्या डाव्या हाताच्या काचेशी उभी राहिले. बराच वेळ. त्याला कळलंच नाही.