अंतरपाटापलीकडचे डोळे

अप्पा, तुमची लेन्स अजून चालते. काठाला थोडी बुरशी धरली आहे, तंजावूरच्या दमट हवेत ती कुणाला चुकली आहे, पण मधली काच स्वच्छ आहे. अडॅप्टर घालून मी ती नव्या कॅमेऱ्यावर लावतो. कॅमेरा तिला ओळखतच नाही, लेन्स नाही म्हणून तक्रार करतो. मग रिंग बोटांनी फिरवत चेहरा स्पष्ट होईपर्यंत वाट पाहायची. आजकालची पोरं अशा लेन्सवर जीव टाकतात, जुन्या काचेचा रंगच वेगळा म्हणतात. मला रंगाचं फारसं कळत नाही. नवी लेन्स माझ्याआधी पाहून मोकळी होते, ही मला पाहायला लावते, म्हणून ती मला प्रिय. तुम्ही तेच शिकवलंत. मी घाईनं बटण दाबलं की डोक्यात टपली मारून म्हणायचात, "डोळे मिळाल्याशिवाय दाबूं नको."

अक्का लेकीला घेऊन सासरहून कायमची परत आली, ते तुम्ही पाहिलंत. ती वारली तेव्हा तुम्ही हयात नव्हतात. पोरीला मीच वाढवलं आणि यंदा पापनाशमचं स्थळही मीच आणलं. "सरि, मामा," एवढंच ती म्हणाली. बरं म्हणाली, म्हणजे झालं, असं मी धरून चाललो. तिनं एकच हट्ट केला. "आजोबांनी अम्माचा अंतरपाटाचा फोटो काढला ना, तसाच मज पाहिजे. त्याच लेन्सनं." तो फोटो तुम्ही आपल्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला होता. अंतरपाट नुकताच खाली आलेला, अक्काची नजर वर उचललेली. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय वेट्कम आहे पोरीला!" लाजेचं ते कौतुक ऐकून तुम्ही पावतीपुस्तकात मान घालायचात. मला तो तुमचा विनय वाटायचा.

ते लग्न अजून डोळ्यांपुढे आहे. हॉलमध्ये मंगलाष्टकं चालली आहेत आणि मी नवऱ्या मुलाच्या खांद्यामागे उभा आहे. भटजी डोळे वटारतात, मामानं मुलीमागे उभं राहायचं असतं. तिथे मी चुलतभावाला उभं केलं आहे. व्हिडिओवाल्यांचे नवे कॅमेरे तिच्या मुंडावळ्यांवर नाहीतर उडत्या अक्षतांवर अडकतात, चेहरा पुसट येतो. आपल्या लोकांच्या लग्नात हे ठरलेलंच. माझी बोटं घामानं रिंगवरून घसरतात. कापड खाली येतं. मी रिंग फिरवतो, आधी मोती येतात, मग पापण्या, मग डोळे. ती नवऱ्याकडे पाहत होती, आणि त्या डोळ्यांत लाज नव्हती, अप्पा. ती घाबरली होती. नवी नवरी बावरते तशी नाही. लहानपणी शेजारच्या कुत्र्यानं तिला कोपऱ्यात गाठलं होतं तेव्हा जशी पाहत होती, तशी. हेच डोळे मी रोज स्टुडिओच्या भिंतीवर पाहत मोठा झालो होतो. आणि मी बटण दाबलं.

तुम्हाला दिसलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. हीच लेन्स होती, हीच रिंग होती, आणि डोळे मिळाल्याशिवाय तुम्ही दाबत नव्हतात. पावतीपुस्तकात तुम्ही का मान घालत होतात ते आता कळतं, आणि तुमचा राग येतो. तुम्ही अक्काला एकदा बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. त्याऐवजी तुम्ही फोटोला फ्रेम करून घेतलीत.

काल तिचा फोन आला. "मामा, तो फोटो?"

"बुरशीमुळे बिघडला, कण्णा," मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "डोळे दिसतात का, तेवढं सांग."

"नाही," मी म्हणालो. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. रात्रभर मला वाटत राहिलं की ती फोटो मागतच नव्हती. कुणीतरी पाहिलं का, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

म्हणून सकाळीच निघालो. तिला विचारायचं आहे, आणि ती म्हणाली तर सोबत घेऊन यायचं आहे. हे लिहितोय ते पापनाशमच्या बसस्टँडवर बसून. तिचं घर इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तुमच्यावर एवढा राग काढला, पण मी अजून बाकावरून उठलेलो नाही.