तीसची चटई

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ताईस,

नमस्कार. तू मोठी आहेस म्हणून लिहिला, त्याचा जास्त अर्थ काढू नकोस. माझा नंबर तू फोनवर बंद करून ठेवलायस, म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत. कालच मला म्हणाली, "पायाची नखं काळी पडलीत तुझी. बाईच्या जातीला शोभतं का हे?" मी म्हटलं, शोभण्यासाठी धावत नाही. "मग कशासाठी?" तिला सांगितलं नाही. तुला सांगते. तुझ्यासाठी.

मॅरेथॉनला चार आठवडेही उरले नाहीत. तूही नाव नोंदवलं आहेस, कळलं मला. परवा रविवारी बत्तीस किलोमीटर एकटीने काढले. चोविसाव्याला पाय म्हणाले, बास. रस्त्याच्या कडेला एक बाक होता, त्यावर कोणी बसलेलंही नव्हतं. आपल्या धावण्याच्या क्लबचे शिट्टीवाले सर सांगतात, शेवटच्या आठवड्यांत पायांआधी मन दमतं, तेव्हा काहीतरी आनंदाचं डोळ्यांपुढे आणा. मी तुझा चेहरा आणला. गेल्या वर्षी शर्यतीच्या समितीच्या टेबलापाशी उभी असलेली तू, हातात पाण्याची बाटली, आणि तोंडातून निघालेलं ते एकच "नाही". बाक कधी मागे गेला कळलंही नाही.

वर्ष होत आलं. कोणाच्या लक्षात नसेल, माझ्या आहे. तीस किलोमीटरला वेळ नोंदवणाऱ्या चटईवर माझी चिप वाजली नाही, यात माझा काय दोष? छातीवरच्या नंबराला चिकटवलेला तो प्लॅस्टिकचा तुकडा, घामाने सुटला असेल, चटईच बिघडली असेल. चाळिशीपुढच्या बायकांत मी तिसरी आले होते. पदक गळ्यात होतं. चौथी आलेली बाई समितीकडे गेली आणि म्हणाली, हिने तलावाची फेरी चुकवली, सत्तावीसवरून सरळ गेली. आपण दोघी बरोबर निघालो होतो हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तुलाच विचारलं, "तीसच्या चटईला धाकटी तुमच्यासोबत होती का?"

"नाही."

पदक काढून दिलं मी. क्लबच्या फळ्यावरचा फोटो दुसऱ्या दिवशी नव्हता, चार टाचण्यांची भोकं तेवढी होती. आमच्या दातांच्या लॅबमध्ये अजून मला 'शॉर्टकट' म्हणतात. "शॉर्टकट, ती कवळी झाली का?" मी दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवते आणि स्वतःचे दातओठ खाते.

गर्दीत आपली चुकामूक झाली होती, एवढंच. तू सांगू शकली असतीस.

या खेपेला तुला मागे टाकणार आहे, सगळ्यांसमोर. तयारी नीट कर. दमलेल्या बाईला हरवण्यात मजा नाही.

तुझी (कागदोपत्री) धाकटी बहीण


गुरुवार, २० नोव्हेंबर

ताईस,

उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. आई तुझ्याकडे येऊन गेली, म्हणाली, तू पत्र वाचलंस आणि शाळेच्या वह्यांखाली ठेवलंस. तपासलंस का? लाल शाईने किती मार्क दिलेस?

दहा दिवस राहिले. आता सर धावू देत नाहीत. कमी धावा, झोपा, पाय वाचवा. हे सगळ्यांत अवघड आहे गं. धावताना राग पायांतून निघून जायचा, आता तो घरभर फिरतो. परवा लॅबमध्ये एक दात घासत बसले ते घासतच राहिले. मालक मागे येऊन म्हणाले, "बाई, तो दात आहे, तांदळाचा दाणा नाही. पेशंटला काही चावू द्याल की नाही?" नवरा डेपोतून आला की आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग बूट काढतो. काल जेवताना म्हणाला, "तू धावतेस की कोणाच्या मागे लागलीयस?"

"एकच आहे," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "पळणाऱ्याला कुठंतरी पोचायचं असतं. मागे लागलेल्याचं पुढच्यावर अवलंबून."

एरवी बसच्या ब्रेकपलीकडे न बोलणारा माणूस! मी ताट उचलून आत गेले.

आज सकाळी मुद्दाम तलावावर गेले. हळू, सहा किलोमीटर. एकोणतीसची पाटी तिथं अजून रंगवलेली आहे, दगडी कठड्यावर. तिथं तुझ्या पोटरीत गोळा आला आणि तू बसलीस, हे मला नंतर कळलं. आईकडून. पण ताई, मग तू मला बघितलंच असशील ना? कठडा फेरीच्या मधोमध आहे. मी तिथून पुढे गेले याचा अर्थ मी फेरी चुकवली नाही, हे गणिताच्या बाईंना कळलं नाही? तीसला मी तुझ्यासोबत नव्हते, कारण मी तुझ्यापुढे होते. तू खोटं बोलली नाहीस. तू फक्त पुढचं वाक्य गिळलंस. एक वाक्य, ताई! सहावीतल्या पोरीलाही तू अर्ध्या उत्तराचे मार्क देत नाहीस.

शेवटपर्यंत बरोबर धावायचं आपलं ठरलं होतं, हे तू आईला सांगितलंस म्हणे. ठरलं असेल. शर्यतीत सगळंच ठरल्यासारखं होतं का?

शर्यतीच्या रविवारी भेटू. तू पुढच्या रांगेत उभी राहा. मला तुझी पाठ दिसली पाहिजे.

धाकटी


मंगळवार, २ डिसेंबर

ताई,

पायऱ्या उतरताना अजून भिंत धरावी लागते. तुझं काय? विचारायचा हक्क नाही, तरी विचारते.

रविवारचं तुलाही माहीत आहे, तरी माझ्या बाजूचं लिहिते. तू पहिल्यापासून पुढे होतीस. मी तुझ्या निळ्या टोपीवर नजर ठेवली आणि वीस किलोमीटर दुसरं काही पाहिलं नाही. एकोणतीसला तू कठड्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी बघितलं. चौतीसला तुला गाठलं. वर्षभर एक वाक्य पाठ केलं होतं, चांगलं धारदार. तोंड उघडलं तर नुसती धाप.

तूच म्हणालीस, "बोल ना. काय पाठ करून आलीयस ते."

"एक वाक्य," मी म्हटलं. "एक वाक्य बोलली असतीस तर काय झिजणार होतं तुझं?"

"आणि एक मिनिट थांबली असतीस तर तुझं?"

मग आठ किलोमीटर आपण खांद्याला खांदा लावून धावलो. तू वेग वाढवलास की मी वाढवायची, मी वाढवला की तू. रस्त्याकडेचे लोक टाळ्या वाजवत होते, एक आजी ओरडल्या, "बहिणी दिसतात, बघा कशा सोबत चालल्यात!" सोबत कसली, आपण एकमेकींचा जीव काढत होतो. इतकं चांगलं मी आयुष्यात धावले नव्हते. तूही नाही.

अकरा सेकंदांनी मी जिंकले. रेषेपलीकडे वळून उभी राहिले, तुझा पडलेला चेहरा बघायला. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. लंगडत सरळ समितीच्या टेबलाशी गेलीस. सर होते, क्लबातल्या सगळ्या होत्या, गेल्या वर्षीची ती चौथी बाईही होती. आणि तू वर्गात बोलतेस तशा आवाजात म्हणालीस, "मागच्या वर्षीची माझी साक्ष अपुरी होती. धाकटीने फेरी पूर्ण केली. एकोणतीसला मी गोळा येऊन खाली बसले होते. तिला हाक मारली. तिने वळून बघितलं आणि ती पुढे गेली. म्हणून मला माहीत आहे."

मी इतके दिवस दात परजत होते, आणि सूड तू घेतलास. माझं नाव मला परत दिलंस आणि देता देता मी काय केलं ते सगळ्यांना दाखवलंस. खोटं एक अक्षर नाही. मला रागावताही येईना.

काल लॅबमध्ये कोणी 'शॉर्टकट' म्हणालं नाही. मी आत शिरले तसे सगळे आपापल्या कामावर वाकले. मागच्या वर्षीचं पदक कुरियरने येणार आहे असा निरोप आहे. आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "हाक मारली होती तिने?"

"हो."

"ऐकू आली होती?"

त्यावर मी भाजी निवडायला बसले. तिने पुन्हा विचारलं नाही. आईने दुसऱ्यांदा न विचारणं काय असतं, तुला माहीत आहे.

तर ऐक. गर्दीत चुकामूक झाली नव्हती. गर्दीच नव्हती तिथं, आपण दोघीच होतो. आपलं ठरलं होतं, शब्द मीच दिला होता. तू खाली बसलीस, पोटरी दोन्ही हातांनी धरलीस आणि माझं लहानपणीचं नाव घेऊन म्हणालीस, "थांब गं जरा." मी घड्याळात बघितलं. पुढच्या बाईत आणि माझ्यात वीस पावलं होती. मला तिसरी यायचं होतं. थांबले असते तर पाचवी आले असते, फार तर सहावी. एवढंच होतं ते. वर्षभर मी तुझ्या त्या 'नाही'चा राग काढत राहिले, कारण तो संपला असता तर हे उरलं असतं.

माझा राग गेलेला नाही, खोटं कशाला लिहू? तू वर्षभर मला चोर म्हणवून घेऊ दिलंस. तुझाही जाऊ नये, जायला नकोच इतक्यात. पण तू टेबलापाशी जे बोललीस त्यावर कोणी उद्या शंका घेतली तर हा कागद दाखव. सरांना दाखव, शाळेत दाखव, आईला वाचून दाखव. खाली सही करते, नेहमीसारखी वळणदार नाही, वाचता येईल अशी.

तुझी हाक मला स्पष्ट ऐकू आली होती, आणि मी गेले.

तुझ्यावर अजून चिडलेली, तुझी अपराधी,
सख्खी बहीण