सातव्या भागातलं पायपुसणं

शुक्रवार, दि. ९

प्रिय ढापण्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक, बाबा अंथरुणावर. हे पत्र चित्रपट कंपनीच्या पत्त्यावर, लेखकाच्या नावाने पाठवतेय; नाव तुझं नाही, तरीही. तो लेखक तू नसशील, तर महाशय, माफ करा आणि हे फाडून टाका.

काल त्या मुखवटेवाल्या खुन्याचा सातवा भाग पाहिला. पेपरात परीक्षण लिहायचं होतं. सहाव्यात त्याला जाळून राख केलेली. सातव्यात स्वारी ठणठणीत. खुलासा नाही. पोलीस नेहमीसारखे ठोंबे. पोरं एकेकटी तळघरात जातात आणि मरतात. संपादक म्हणाले, "दोन तारे द्या आणि मोकळ्या व्हा." मी होणारच होते.

पण मध्यंतरानंतर खुनी एका घरात शिरतो, आणि त्याआधी पायपुसण्यावर बूट पुसतो. डावा, उजवा, पुन्हा डावा. थिएटर खो खो हसलं. मी पाय खुर्चीवर ओढून घेतले. बाबा पिऊन आले की अगदी असेच पुसायचे, आणि आपण दोघं कपाटात.

म्हटलं, योगायोग असेल. तर पडद्यावरच्या कपाटात बहीण भावाच्या पायाचा अंगठा दाबते. "गेला. आता डोळे उघड." ही खूण आईलासुद्धा ठाऊक नव्हती. मी कुणाजवळ बोललेले नाही. मग उरलं कोण?

आधी तुझा भयंकर राग आला. आपलं घर तिकीट लावून दाखवलंस! मग घरी येईपर्यंत रडत होते. इतक्या वर्षांत तुझी चिठ्ठी नाही की फोन नाही. तू जिवंत आहेस हे मला खुन्याकडून कळावं?

एकच विचारायचंय. भाऊ खिडकीतून पळतो, बहीण दार धरून ठेवते, इथपर्यंत खरंय. पुढे तिला का मारलंस? मी मेले असं तुला कुणी सांगितलं, की तसं समजणं सोयीचं होतं?

परीक्षणात तीन तारे दिलेत. बहीण वाचली असती तर चौथाही दिला असता.

बाबांना आता कूस बदलायलाही मी लागते. ते बूट केव्हाच देऊन टाकले. तो बूटवाला गेला, ढापण्या. अंगठा दाबतेय, डोळे उघड.

तुझी,
अजून दाराशीच उभी असलेली
ताई