वहीला लावलेलं कुंकू

तंजावूर, २८ ऑक्टोबर १९९६

प्रिय महालक्ष्मी,

बारा वर्षांनी पत्र, तेही देवनागरीत, म्हणून घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत अजून घरोघर मराठी बोलतात. हे अक्षर वाचणारे मात्र दोघंच, मी आणि आपल्याला ते शिकवणारे माझे आजोबा. त्यातले आजोबा फोटोत आहेत.

गुरुमूर्ती सार अजूनही आपल्या खतकंपनीचे मॅनेजर. पापनाशम शाखेची जागा निघाली. माझी नोकरी अठरा वर्षांची, पण बढती मिळाली मणीला, ज्याला बिल फाडायला मी शिकवलं. कारण काय, तर सारांच्या मते गावोगाव हिंडायला मोपेड लागते आणि मी, राजम अक्का, मोपेडवर बरी दिसणार नाही. म्हणून शिकले, चव्वेचाळिसाव्या वर्षी. कालव्यात एकदाच पडले. मणीला तर सायकलही येत नाही. त्याला कंपनीने ड्रायव्हर दिला.

बढतीत बाई-पुरुष भेद करायचा नाही, असा कायदा आहे गं, नऊ वर्षं झाली. देशाची दारं उघडली तशी परदेशी कोला दोन-तीन वर्षांत आमच्या टेबलावर आला. कायदा अजून वाटेतच. शेवटी मीच त्याला आणायला कामगार खात्यात गेले. तिथले अधिकारी म्हणाले, पुरावा काय?

पुरावा माझ्या टेबलावर उघडाच असतो. सार जे बोलतात ते मी तारीख घालून वहीत उतरवते, देवनागरीत. सार आपल्यातलेच, पण हे अक्षर त्यांनी फक्त आजीच्या पोथीत पाहिलेलं. मी स्तोत्र लिहिते अशी त्यांची ठाम समजूत. येता-जाता वहीला हात लावून डोळ्यांना लावतात. परवा सरस्वतीपूजेला सगळ्या रजिस्टरांच्या वर तीच ठेवली आणि उघडून स्वतःच्या हाताने चंदन-कुंकू लावलं. नेमकं 'बायकांचं डोकं इडलीच्या भांड्यापुरतं' या पानाला.

नऊ डिसेंबरला सुनावणी आहे. सारांचे वकील म्हणणार, एकट्या बाईची कुरकुर. पण वहीचं पहिलं पान माझं नाही, तुझं आहे. तुझं लग्न ठरलं त्या आठवड्यात सारांनीच तुझ्या राजीनाम्याचा मजकूर सांगितला, तू रडत उभी होतीस आणि टाइप मी केला. एकही चूक न करता. त्या संध्याकाळी ही वही विकत घेतली. बारा वर्षं तुला पत्र लिहायला हात धजला नाही, तोही त्यामुळेच. राग असेल तर इथे येऊन काढ. पण ये, आणि ते पान खरं आहे एवढं सांग. स्टेशनवर न्यायला मी येईन. मोपेडवर. घट्ट धरून बस.

तुझीच, कालव्यातून वर आलेली,
राजम