होडीतली दुसरी बॅटरी

सोमवार, संध्याकाळ

कोल्हापुरातून आणलेली दुसरी बॅटरी आज होडीत बसवली. एक इंजिनाला, एक दिव्याला, मध्ये स्विच. आता दिवा कितीही जळला तरी इंजिनाची बॅटरी उतरायची नाही. आधी उतरायची, तेव्हा बायको, शालन, वल्हं मारत होडी काठाला आणायची आणि मला शिव्या घालायची. तिला जाऊन वर्ष होईल. वल्हं तिच्या जागेवरच आहे, मी हलवलं नाही.

शेजारचा गणपा बघायला आला. म्हणाला, “आता कुणाची गरज न्हाय की तुला!”

“व्हय,” म्हटलं. का म्हटलं?

मग एकटाच धरणाच्या मधोमध गेलो, इंजिन बंद केलं, दिवा लावून तासभर बसलो. शेवटी किल्ली फिरवली. पहिल्याच दमात सुरू झालं. नसतं झालं तर बरं वाटलं असतं.