टेरिकॉटची पॅन्ट

बेलापूर,
फेब्रुवारी १९७३

साहेब,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो. नोकरी शोधायला तुम्ही मिशनकडून दिलेल्या पैशांच्या मदतीचा उपयोग झाला का, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्याच सांगण्यावरून त्या पैशांत मी टेरिकॉटची पॅन्ट आणि पांढरा शर्ट शिवला. नोकरी लागणारच, म्हणून जुने कपडे धाकट्या भावाला देऊन टाकले. पुण्यात कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहिलो. भरती कुठंच नव्हती.

परत येऊन त्याच कपड्यांत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. मुकादम हसला. "साहेब दिसतोस की लेका! गरिबाला मिळू दे काम." त्यानं माझं नाव लिहून घेतलंच नाही.

मग माझ्या जागी वडील गेले. छातीत दुखत होतं तरी गेले. जाताना म्हणाले, "कापडं जपून ठिव. कुनीतरी बोलवंल तुला."

त्याच आठवड्यात ते खडीच्या ढिगावर कोसळले, ते उठलेच नाहीत.

मातीच्या वेळी त्यांना घालायला घरात धड धोतर नव्हतं. जन्मात पहिल्यांदा वडिलांना पॅन्ट घातली, माझी टेरिकॉटची. लांब झाली, म्हणून आईनं खालून नीट दुमडली. म्हणाली, "साहेबावानी दिसत्यात रं."

झाला, साहेब. मदतीचा उपयोग झाला.

आपला,
कृपादान मकासरे