उजव्या बाजूचे दोन दात

९ सप्टेंबर
आज पुन्हा तेच. रुपालीच्या माहेरची माणसं जेवायला, आणि बोलता बोलता माझी कवळी सुटून जिभेवर आली. पदर तोंडाला लावून न्हाणीघर गाठलं. खालचे उजवीकडचे दोन दात पडून सहा वर्षं झाली, आणि त्या जागी घातलेला हा काढ-घाल करायचा तुकडा एक दिवस धड बसलेला नाही. एकतीस वर्षं खणखणीत आवाजात शिकवलं, आता शेंगदाणे म्हणताना जपावं लागतं. रुपाली म्हणाली, "आई, इम्प्लांट करून टाका ना. हाडात स्क्रू बसवतात, त्यावर दात. काढायची कटकटच नाही." सुनेचं बरोबर असलं की मला जास्त राग येतो. पण जाईन.

१४ सप्टेंबर
गंगापूर रोडचा दवाखाना. डॉक्टरीण दार उघडून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या पेशंटांसमोर वाकून नमस्कार. "बाई, ओळखलं नाही? मी स्नेहल. निफाडची शाळा, चौथी ब." ओळखलं. पहिल्या बाकावरची, तेविसाच्या पाढ्याला हमखास अडखळणारी. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

फॉर्म भरायला घेतला तिनं. बीपी, शुगर, चालू गोळ्या. मग थांबून हसली. "बाई, तुम्हाला हे विचारणं म्हणजे... पण विचारावं लागतं. तंबाखू?"

"नाही."

"माहितीये हो. तुमच्या त्या चिठ्ठीमुळे तर आमच्या अण्णांची सुटली."

चिठ्ठी मलाही आठवत होती. वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून लिहून घेतली होती. बाबा, तंबाखू सोडा. खाली मुलाची सही.

नाही म्हणाले ते खोटं का? मी तंबाखू खात नाही. मिश्री लावते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, वस्त्रगाळ केलेली तंबाखूच ती, पण बोटावर घेऊन हिरड्यांना लावायची आणि चूळ भरून टाकायची. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा. आई लावायची, मावश्या लावायच्या. दात घासणं आहे ते. कोणी खाणं म्हणत नाही.

लिहून बघितलं. वाचायला ठीक वाटतंय.

२७ सप्टेंबर
दोन्ही स्क्रू बसवले. दुखलं नाही, पण हाडातली घरघर कानात शिरत होती. आता तीन महिने थांबायचं. हाडानं स्क्रू धरून ठेवला की मग वर दात. निघताना स्नेहलनं सूचनांचा कागद वाचून दाखवला. गरम नको, कडक नको, त्या बाजूला ब्रश नको. तंबाखूची ओळ आली तशी बोट सरकवून पुढे गेली. "हे तुमच्यासाठी नाही, बाई."

३० सप्टेंबर
तीन दिवस हात लावला नाही. डोकं जड, पोट साफ नाही, रुपालीवर उगाच खेकसले. ती बिचारी म्हणते, टाक्यांमुळे होत असेल.

आज सकाळी लावली. डाव्या बाजूला, नुसतं बोट फिरवलं. बरणी आयुर्वेदिक दंतमंजनाची आहे, रुपालीला आत मंजनच आहे असं वाटतं. मुलालाही. पाच मिनिटांत डोकं हलकं झालं. मग स्वतःची इतकी लाज वाटली की पूजा न करताच चहा घेतला.

१९ ऑक्टो.
थोरल्या नणंदबाई, मंदाताई, लासलगावहून आल्या. पिशवीत कांदे, कांद्यांखाली मिश्रीची बाटली. "शालन, आवंदा तंबाखू लय चांगली मिळाली बघ. कडक भाजलीय." मी म्हटलं, ताई, दातांचं काम केलंय, आता नको. "अगं त्याला काय व्हतंय? मिश्रीनं हिरड्या घट्ट ऱ्हात्यात. डाक्टरला काय कळतंय." त्यांचे खालचे चार दात गेलेत.

बाटली ठेवून घेतली. डावी-उजवी बाजूही आता पाळत नाही. बोट आपोआप जुन्या जागी जातं.

८ नोव्हें.
तपासणी. एका स्क्रूभोवती हिरडी लालच. दाबली की पू. स्नेहल दिवा जवळ ओढून बघत राहिली. मी वह्या तपासायचे तेव्हा समोर उभ्या पोरांचं काय होत असेल ते आज कळलं. मग आरशानं गाल बाजूला करून म्हणाली, "इथे पांढरं कधीपासून आहे?"

जिभेला तिथे खरखरीत लागतं, ते वर्षभर तरी. म्हटलं, लक्षात नाही.

"जुनी कवळी घासून झालं असेल का, बाई?" तिनंच विचारलं.

"असेल."

किती पटकन म्हणाले.

९ नोव्हें.
गॅलरीतल्या उन्हात आरसा घेऊन बसले. गाल ओढून बघितला. अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा डाग, कडेला लालसर. बोट जिथे जातं बरोबर तिथेच. बरणी कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुपारी जेवण झाल्यावर काढून घेतली, धुतली, पुसली. एवढी वर्षं पोरांना शिस्त लावली त्या बाईची ही गत.

२ डिसें.
आमटीत कुस्करलेली भाकरी, आणि तोंडात काहीतरी कडक लागलं. वाटलं खडा. ताटात थुंकलं तर स्क्रू. अख्खाच्या अख्खा, हाडातून सुटून. रक्तसुद्धा फारसं नाही. रुपाली बघतच राहिली.

तसाच कागदात गुंडाळून नेला. स्नेहलनं तळहातावर घेतला, चेहरा उतरला तिचा. "माझंच चुकलं, बाई. मीच कुठेतरी घाई केली." माझ्यासमोरच तिच्या सरांना फोन लावला, फॉर्म पुढ्यात घेऊन. "नाही सर, शुगर नाही. नाही, तंबाखू अजिबात नाही. माझ्या बाई आहेत त्या शाळेतल्या, एकदम शिस्तीच्या." पलीकडून तिला काहीतरी बोलणी बसली असावीत. ती नुसती हो सर, हो सर करत होती.

सांगायला तोंड उघडलं. तिला वाटलं, दाखवायला उघडलंय. आरसा घेऊन पुढे झाली.

१० डिसें.
डाग वाढलाय. तिखट लागलं की आग होते. तोंडही पूर्वीइतकं उघडत नाही. तीन बोटं उभी जायची, आता दोन. स्ने. म्हणाली, "छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. काळजीचं नसेल, पण..." रुपाली सोबत येते म्हणत होती. म्हटलं, दाताचंच काम आहे, तू कशाला सुट्टी घालवतेस. भीती वाटतेय. नीट, लहान मुलासारखी भीती.

१३ डिसें.
तुकडा काढला. दोन टाके.

आज ठरवूनच गेले होते. बरणी पर्समध्ये होती. सगळं झाल्यावर तिच्या टेबलावर ठेवली, झाकण काढलं. "स्नेहल, ही मिश्री. चाळीस वर्षं लावते. आज सकाळीही लावली."

तिनं बरणीकडे बघितलंसुद्धा नाही. हातमोजे काढत राहिली.

"मला पहिल्याच दिवशी वास आला होता, बाई. हिरड्याही काळ्या दिसत होत्या. पण तुम्ही नाही म्हणालात."

"मग परत का नाही विचारलंस?" माझा आवाज चढला. सवयच ती.

आणि ती उभी राहिली. चाळिशीला आलेली बाई, स्वतःचा दवाखाना, भिंतीवर डिग्र्या, आणि आवाज चढताच खुर्चीतून उठून हात मागे बांधून उभी. "तुम्हाला कसं परत विचारणार, बाई?"

बस म्हणाले तिला. मग बसली.

फॉर्म काढून तिनं 'नाही' खोडलं, वर 'मिश्री, ४० वर्षे' असं लिहिलं. अक्षर अजून सुंदर आहे तिचं. रिपोर्टला आठवडा लागेल.

१७ डिसें.
चार दिवस बंद. या वेळी खरंच बंद. डोकं जड, कुणाशी बोलू नये वाटतं. मंदाताईंना फोन करून सांगितलं, ताई, तुम्हीही दाखवून घ्या. म्हणाल्या, "तुला कायबी सुचतं गं." त्यांना सांगितलं, स्ने.ला सांगितलं. घरात मात्र अजून नाही. रुपालीला रोज सकाळी सांगायचं ठरवते, आणि ती आंघोळीला गेली की हायसं वाटतं.

१९ डिसें.
रिपोर्ट एक दिवस आधीच आला. आत्ता स्नेहलचा फोन होता. "फोनवर नको, बाई. उद्या दहाला या. आणि एकट्या येऊ नका. घरातलं कोणीतरी बरोबर आणा." मी म्हटलं, एवढं सांग, काय आहे. ती म्हणाली, "समोर बसून बोलू." आवाज डॉक्टरचा होता. आज विद्यार्थिनीचा नव्हता.

फोन ठेवून इथेच बसलेय. रुपाली स्वयंपाकघरातून विचारतेय, "आई, कोणाचा फोन?" दोनदा विचारून झालं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तिसऱ्यांदा विचारलं तर सांगेन.